देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४



आपल्या ह्या पत्रकात आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज मात्र मी एका शाळामास्तरांची ओळख करून देणार आहे. ते संत म्हणून घोषित झालेले नाहीत, ते ख्रिस्तीही नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी ३२ वर्षे मुलांना शिकवले आणि उरलेला सारा वेळ आकड्यांच्या संगतीत घालवला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिकहून वाहत आलेली गोदावरी पैठणवरून आपल्या शहागडच्या पुलाखाली येते. तसे पाहिले तर मास्तर आपल्याच नदीकाठचे! तरीही त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत मात्र ते छापलेले आहे.

चरित्र सांगण्याआधी एक छोटेसे काम देतो. आज मिस्सा संपल्यावर घरी जा, जेवणे उरका आणि मुलांना जवळ घेऊन बसा. पाटी किंवा वहीचे मागचे पान पुरेल. चार अंकांची कोणतीही एक संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा. मग तेच अंक लहानाकडून मोठ्याकडे मांडा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच कृती करा. उत्तर कधी तीनच अंकी आले तर पुढे शून्य धरा.

उदाहरणासाठी मास्तरांचे जन्मसाल १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ घेऊन पुढे जाऊन पाहा. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४! गाडी येथे थांबली, ती आता हलत नाही. तुम्ही कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ह्याच संख्येवर येऊन पोहोचता. हे ज्यांनी प्रथम ओळखले ते कापरेकर मास्तर. म्हणून ६१७४ ह्या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

डहाणूचा मुलगा

दत्तात्रय ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आईविना पोर म्हणजे काय, हे आपल्यापैकी काहींना अनुभवाने ठाऊक आहे. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची फार आवड होती. ज्योतिष सांगायला आकडेमोड लागते. ती आकडेमोड वडिलांकडून मुलाकडे आली. मुलाने ज्योतिष घेतले नाही, आकडे तेवढे घेतले!

ह्या गोष्टीवर क्षणभर थांबावेसे वाटते. घरात श्रीमंती नव्हती, आई नव्हती. वडिलांजवळ द्यायला फार काही नव्हते. पण संध्याकाळी दमून घरी आलेल्या एका कारकुनाने आपल्याला जे आवडते ते मुलासमोर केले आणि मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली. आपण मुलांना काय देतो ह्याचा हिशेब आपण नेहमी शेतात, घरात आणि पैशांत करतो. खरा वारसा कधीकधी एखाद्या आवडीचा असतो.

दत्तात्रयांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. तरुण वयात ते गणिती कोडी सोडवण्यात तासन्‌तास रमत. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. एम.ए. नाही, डॉक्टरेट नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. १९३० साली ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

आकड्यांची मैत्री

मास्तरांनी काय केले, हे समजायला फार मोठे गणित लागत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येत असला की झाले. म्हणूनच मी हे निःसंकोच आपल्या पत्रकात लिहितो आहे.

४५ ही संख्या घ्या. ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५. ह्या उत्तराचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५! तसेच ९९ घ्या. ९९ गुणिले ९९ म्हणजे ९८०१. ९८ आणि ०१ मिळून ९९. मोठी संख्या हवी असेल तर ७०३ घ्या. तिचा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. जी संख्या अशी वर्गात जाऊन, तुकडे होऊन पुन्हा स्वतःला सापडते, तिला आज कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते, हे आपणांस आठवत असेलच. मास्तर हयात असते तर त्यांनी त्या वर्षाकडे पाहून नक्कीच पेन्सिल उचलली असती.

दुसरा प्रकार पाहा. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला मास्तरांनी हर्षद संख्या असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ ची अंकबेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. १७२९ ची अंकबेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आपल्या ६१७४ ची अंकबेरीज १८. १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. तेव्हा तीही हर्षदच!

तिसरा प्रकार रेल्वे स्थानकाशी जोडलेला आहे. पूर्वीच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेमलो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, मास्तरांना एक कल्पना सुचली. त्यावरून त्यांनी काही संख्यांना डेमलो संख्या हे नाव दिले. नुसते एक मांडत जा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ गुणिले ११११ म्हणजे १२३४३२१. असे करत नऊ एकांपर्यंत गेले की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही प्रचंड संख्या! एकं, दहं, शतं म्हणत कोटी, अब्ज, खर्व ओलांडून आपल्या जुन्या मोजणीत ती मध्य ह्या स्थानापर्यंत जाते. परार्ध त्याच्या पुढच्याच पायरीवर. एवढी मोठी संख्या, पण पायऱ्या चढून शिखर गाठावे आणि त्याच पायऱ्यांनी उतरावे तशी सरळ. नऊ गाठल्यावर ती शहाण्या माणसासारखी खाली उतरू लागते.

चौथा प्रकार मला स्वतःला फार विचार करायला लावतो. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ची आई १५. पण २० कोणापासून जन्मते? शोधून पाहा. १४ पासून १९ येते, १५ पासून २१. मधले २० कोणालाच होत नाही. अशा आईबापाविना संख्यांना मास्तरांनी आपल्या गावाचे नाव दिले, देवळाली संख्या. ३१, ४२, ५३ ह्याही तशाच. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाने अशा पोरक्या संख्यांना आपल्या गावात घर दिले, असे माझ्या मनात येते. ते तसे नसेलही. पण मला ते आवडते.

ह्या देवळाली नावाची आणखी एक गंमत आहे. इंग्रजांच्या काळात तेथे लष्कराची मोठी छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथे पडून राहत. कंटाळा, उकाडा आणि आजार ह्यांमुळे काहींचे चित्त ढळे. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत डूलॅली म्हणू लागले. तो देवळालीचाच अपभ्रंश. एका भाषेत ह्या गावाचे नाव वेडाशी जोडले गेले. मास्तरांनी तेच नाव नेऊन गणिताच्या सुव्यवस्थेशी जोडले.

हसणारे लोक

वेडाचा विषय निघालाच आहे, तर पुढचे सांगतो. भारतातल्या अनेक गणितज्ञांनी मास्तरांचे काम गंभीरपणे घेतले नाही. हे आकड्यांचे खेळ आहेत, ह्यात सखोल गणित नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच खोटे होते असेही नाही. मास्तरांनी मोठे सिद्धान्त मांडले नाहीत. आपल्या अंकलेखनात जे चमत्कारिक नमुने लपलेले आहेत, ते त्यांनी शोधून काढले. त्यांचे लेख बहुधा फारशा प्रसिद्ध नसलेल्या नियतकालिकांत येत. काही पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. डेमलो संख्यांवरची पुस्तिका १९४८ ची, देवळाली संख्यांवरची १९६३ ची. शिक्षकाच्या पगारातून छपाईचा खर्च करणे म्हणजे काय, हे शिक्षकाच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पुढे १९५३ आणि १९५५ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका ह्या नियतकालिकात त्यांचे लेख आले. तरीही देवळालीत त्यांचे दिवस पूर्वीसारखेच चालले. सकाळी शाळा, फळा, खडू, वह्या तपासणे. आणि मग आकडे. त्या काळी गणकयंत्र हाताशी नव्हते. हजारो वजाबाक्या त्यांनी हातानेच केल्या असणार.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी इंदिराबाई वारल्या. मास्तर अगदी साधे राहत, तरीही निवृत्तिवेतन पुरेना. साठी उलटलेल्या त्या विधुर माणसाने गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या आणि दिवस काढले. आकडे मात्र सोडले नाहीत.

परदेशातून आलेली दाद

मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन ह्या मासिकात मार्टिन गार्डनर ह्यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिले. गार्डनर हे गणितातल्या गमती सामान्यांपर्यंत नेणारे नामांकित लेखक होते. त्यांचे सदर देशोदेशी वाचले जाई. त्या एका लेखाने देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. पुढे अनेक गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांचा अभ्यास केला. आजही संगणक शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी ६१७४ चे उदाहरण दिले जाते. चार अंकांऐवजी तीन अंक घेतले तर सगळ्या वाटा ४९५ वर येतात. दोन अंक घेतले तर एका जागी न थांबता संख्या गोल फिरत राहतात. पाच अंकांनाही असे एक घर नाही. नऊ अंकांत ८६४१९७५३२ ही संख्या पाहा. ९८७६५४३२१ मधून १२३४५६७८९ वजा करा, तीच येते, आणि तिच्यात १ ते ९ सारे अंक एकेकदा हजर! ही संख्याही ६१७४ सारखीच आपल्या जागेवरून ढळत नाही.

१९८६ साली देवळाली येथे कापरेकर मास्तरांचे निधन झाले.

हे असे का होते?

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले जाई तेव्हा एक सवय लावली गेली. एखादी गोष्ट नवल वाटली की तिचे कारण विचारायचे. नवल हे विचाराचे दार आहे. दारातच उभे राहू नये, आत जावे. म्हणून ६१७४ चे कारण थोडक्यात सांगतो.

चार अंक उतरत्या क्रमाने मांडले आणि उलटे करून वजा केले, की सर्वांत मोठा अंक हजारच्या जागेवरून एककावर जातो. हजार उणे एक म्हणजे ९९९. मधले दोन अंक शतक आणि दशकाच्या जागा बदलतात. शंभर उणे दहा म्हणजे ९०. म्हणून उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते: मोठ्या आणि लहान अंकातील फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतील फरक गुणिले ९०. बाकी काहीही असो, उत्तराला फरक पडत नाही. शून्ये धरून चार अंकांच्या ९९९० संख्या ह्या खेळात भाग घेऊ शकतात. पण पहिल्याच वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरे शक्य उरतात. एवढी गर्दी पहिल्याच दारात एवढी कमी होते! मग पुढची दारे आणखी अरुंद होत जातात.

आता ६१७४ तपासा. अंक ७, ६, ४, १. सात उणे एक म्हणजे सहा. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४. सहा उणे चार म्हणजे दोन. दोन गुणिले ९० म्हणजे १८०. दोन्ही मिळून ६१७४. संख्या आपल्याच अंकांतून स्वतःला पुन्हा घडवते, म्हणून ती ढळत नाही.

येथे जादू नाही, मंत्र नाही, ग्रह नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्या भागात आकड्यांच्या मागे लागून किती घरे बसली, हे मला सांगायची गरज नाही. मटक्याचा आकडा, लॉटरीचा आकडा, गाडीचा भाग्यवान नंबर, नावातली अक्षरे मोजून सांगितलेले भविष्य! कृपया कोणी ६१७४ दारावर लिहू नये आणि कोणी त्याच्यावर पैसेही लावू नयेत. मास्तर ८१ वर्षांचे होऊन वारले आणि त्यांच्या त्या सतरा अंकी संख्येतल्या सर्व अंकांची बेरीजही ८१ येते. हा निव्वळ योगायोग आहे. गणितातले सत्य नेमके ह्याच्या उलट असते. ते कोणाचे नशीब पाहत नाही. ते सरपंचाला जसे, तसेच ऊसतोड मजुराच्या मुलाला. हिंदूला जसे, तसेच मुसलमानाला, बौद्धाला आणि ख्रिस्ती माणसाला. वजाबाकी नीट करणारा प्रत्येक जण एकाच ठिकाणी पोहोचतो.

मास्तरांनी ६१७४ निर्माण केली नाही. ती त्यांच्या जन्माआधीही तशीच होती. त्यांनी ती पाहिली. संत ऑगस्टिन ह्यांना संख्यांविषयी फार प्रेम होते. आपली मते बदलतात, राज्ये बदलतात, पण सात आणि तीन मिळून दहा हे बदलत नाही. मग हे न बदलणारे सत्य आपल्या बदलत्या मनाला कोठून दिसते, असा प्रश्न त्यांना पडला आणि तो प्रश्न त्यांना परमेश्वराकडे घेऊन गेला. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर शिष्यांच्या जाळ्यात १५३ मोठे मासे सापडले, तेव्हा ऑगस्टिन ह्यांनी लगेच हिशेब केला: १ पासून १७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३. दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दाने मिळून सतरा, असे त्यांनी त्यावर प्रवचन केले. मी त्यात एवढीच भर घालतो की १५३ ही कापरेकर मास्तरांची हर्षद संख्यादेखील आहे. अंकबेरीज ९, आणि ९ गुणिले १७ म्हणजे १५३. रात्रभर रिकामे जाळे ओढून दमलेल्या कोळ्यांना ती सकाळ आनंद देणारी होतीच की!

आपल्यासाठी

हे चरित्र लिहिताना माझ्या मनात एक प्रश्न सतत होता. १९७५ सालचा तो लेख आलाच नसता तर? गार्डनर ह्यांच्या हाती कापरेकरांचे लेखन पडलेच नसते तर? मास्तर शिकवण्या करीत एक दिवस वारले असते. घर आवरताना पुस्तिकांचा गठ्ठा रद्दीत गेला असता. शेजाऱ्यांनी म्हटले असते, आकड्यांचे वेड होते बिचाऱ्याला. मग त्यांचे आयुष्य वाया गेले असते काय?

आपण सहसा अशा चरित्राचा शेवट गोड करतो. बघा, शेवटी जगाने दखल घेतली! पण सगळ्यांच्या वाट्याला गार्डनर येत नाही. वाडीवस्तीवर पंचवीस वर्षे शिकवणारी बाई, रात्रीच्या पाळीला कालव्याचे पाणी धरणारा शेतकरी, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, रोज पहाटे येऊन चर्च झाडून जाणारे आजोबा, ह्यांच्यावर कोणत्याही मासिकात लेख येणार नाही. माझ्याकडे येऊन आपली एवढी वर्षे कोणाच्या गणतीत नाहीत असे डोळ्यांत पाणी आणून सांगणारी माणसे ह्याच धर्मग्रामात आहेत. त्यांना मी कापरेकरांचे १९७५ सांगून समाधान देऊ शकत नाही. मला त्यांना १९७४ सांगावे लागेल.

१९७४ साली मास्तर एकटे होते, उत्पन्न तुटपुंजे होते, आपल्याच देशातले विद्वान त्यांना हसत होते. तरीही त्या वर्षी ६१७४ ही ६१७४ च होती. तिचे सत्य एका तसूनेही कमी नव्हते. लेख आल्यावर ते वाढले नाही. जे खरे आहे ते कोणी न पाहताही खरे असते, आणि जे चांगले आहे ते कोणी न मोजताही चांगले असते. आपला विश्वास तर ह्याच्याही पुढे जातो. प्रभू येशूने शिकवले की आपला पिता गुप्त ठिकाणीही पाहतो. आपल्या डोक्यावरचे केससुद्धा त्याने मोजलेले आहेत. नव्याण्णव मेंढरे सुरक्षित असतानाही शंभरावे नाही हे ज्याच्या ध्यानात येते, तो फार काटेकोर हिशेब ठेवणारा मेंढपाळ आहे. त्याच्या गणतीतून कोणीही सुटत नाही.

आणि मास्तर ख्रिस्ती नव्हते, तर त्यांचे चरित्र येथे कशाला, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्याला शिकवले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. सत्य जेथे जेथे सापडते ते एकाच उगमातून आलेले असते. देवळालीच्या एका खोलीत पेन्सिल घेऊन प्रामाणिकपणे वजाबाकी करणारा माणूस नकळत त्याच उगमाच्या काठी बसला होता, असे मी मानतो.

शेवटी पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुमारास आपल्यातली काही कुटुंबे कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. पोट कोणाला सुटले आहे? पण त्या पाच-सहा महिन्यांत मुलांची शाळा सुटते ती कधीकधी कायमचीच सुटते. आजी-आजोबांजवळ, नातलगांकडे किंवा वसतिगृहात मुलांना ठेवता येत असेल तर अवश्य ठेवा. अडचण असेल तर जाण्यापूर्वी मला येऊन भेटा, आपण मिळून मार्ग काढू. मुलीसुद्धा ह्यात आल्या, हे वेगळे सांगत नाही. गणितात नापास झालेल्या मुलाला ढ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. कापरेकरांच्या वडिलांनी मुलाला दिला तसा थोडा वेळ द्या.

आज घरी जाऊन ते सात ओळींचे गणित जरूर करा. प्रत्येकाने आपापले जन्मसाल घ्यावे. आजीचे साल वेगळे, नातवाचे वेगळे. कोणाला तीन पायऱ्या लागतील, कोणाला पाच, कोणाला सात. कोणी लवकर पोहोचेल, कोणी उशिरा. मध्येच उत्तर चुकले तर रागावू नका. मागे जाऊन चूक शोधा आणि पुन्हा निघा. शेवटी सगळे घर एकाच ठिकाणी भेटेल.

हे प्रभू परमेश्वरा, तू तारे मोजतोस आणि प्रत्येकाला नावाने ओळखतोस. ज्यांची गणती जगात कोणी करीत नाही त्यांना तुझ्या गणतीत असल्याचा आनंद दे. आमच्या मुलांना शिकण्याची गोडी दे, आमच्या शिक्षकांना धीर दे, आणि आमच्या वेगवेगळ्या वाटा अखेरीस तुझ्या घरी एकत्र आण. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू